जवाचा दाणा, उसाचा चोथा आणि आपले हृदय

– ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी आपण बेणे, खोडवा, पाचट आणि हुमणी यांविषयी बोलतो. या वेळी जव या धान्याविषयी लिहीत आहे. साखर कारखान्याच्या अंकात जवाचे काय काम, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. गट कार्यालयात ऊस नोंदीला येणाऱ्या सभासदांपैकी कितीतरी जणांच्या खिशात आता हृदयविकाराच्या गोळ्यांचे पाकीट असते, आणि त्यात पन्नाशी न गाठलेलेही आहेत. आणि गेले वर्षभर "साहेब, जव खाल्ल्यावर कोलेस्टेरॉल उतरतंय म्हणे, खरं काय?" हा प्रश्न तोडीच्या प्रोग्रॅमइतक्याच वेळा कानावर पडला. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. तथापि धान्य, चोथा आणि रसाचा चिकटपणा हे आपल्या धंद्यातलेच विषय आहेत, आणि जवाचे सगळे मर्म याच तीन गोष्टींत आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. जव म्हणजे जवस नव्हे. जवस हे तेलबी, चटणीचे. जव हे गव्हाच्या कुळातले तृणधान्य, इंग्रजीत बार्ली, संस्कृतात यव. श्राद्धाला आणि होमाला लागते ते. आपल्याकडे काही भागांत त्याला सातू असेही म्हणतात, आणि इथे दुसरा घोळ होतो. उन्हाळ्यात गूळ-पाण्यात कालवून खातो ते 'सातूचे पीठ' बहुतेक घरी भाजलेले गहू आणि डाळे यांचे असते. त्यात जव असतीलच असे नाही. उत्तरेकडचा सत्तू तर बहुधा हरभऱ्याचा. तेव्हा दुकानात नुसते 'सातू द्या' म्हणू नये, दाणा हातात घेऊन बघावा. जवाचा दाणा गव्हापेक्षा दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि त्याचे टरफल अंगाला चिकटलेले असते. ते यंत्रावर घासून काढलेला पांढुरका दाणा 'पर्ल बार्ली' म्हणून मिळतो.

आता मूळ मुद्दा. ऊस चावून रस गिळला की तोंडात चिपाड उरते. कारखान्यात तेच बगॅस होते आणि बॉयलरला जाते. हे चिपाड माणसाला पचत नाही. अन्नातला असा न पचणारा भाग म्हणजे तंतुमय पदार्थ, ज्याला हल्ली सगळे फायबर म्हणतात. पण फायबर एकाच जातीचे नसते. बगॅस रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी बगॅस बगॅसच राहील. आता जवाचे पीठ पाण्यात शिजवून बघा. पाणी दाट आणि बुळबुळीत होते. हा दाटपणा काही अंशी पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा आहे. पण बाकीचा आहे तो पाण्यात विरघळणाऱ्या एका तंतूचा. त्याचे नाव बीटा-ग्लुकन.

गंमत अशी की हे सगळे एकाच मालाचे बनलेले आहे. बगॅसमध्ये मुख्य असतो तो सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच साखळी. जवातले बीटा-ग्लुकन हीसुद्धा ग्लुकोजचीच साखळी. फरक कडी कशी अडकवली आहे एवढाच. स्टार्चची कडी आपल्या पोटातल्या पाचकरसांना सोडवता येते, म्हणून भात-भाकरीची रक्तात साखर होते. सेल्युलोजची कडी आपल्याला सुटत नाही, म्हणून चिपाड बाहेर पडते. बीटा-ग्लुकनचीही सुटत नाही. मग एक विरघळतो आणि दुसरा का विरघळत नाही? त्याला मोळीचे उदाहरण घ्या. सरळ उसाची मोळी कशी घट्ट बसते, मध्ये हात शिरत नाही. लोळलेल्या, वाकड्यातिकड्या उसाची मोळी मात्र कितीही आवळली तरी पोकळ राहते. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ आहेत, त्या एकमेकींना घट्ट बिलगतात आणि मध्ये पाणी शिरत नाही. बीटा-ग्लुकनच्या साखळीत दर तीन-चार कड्यांनंतर एक वेगळी कडी येते, तिथे साखळी वाकते. मोळी पोकळ राहते, पाणी आत शिरते, तंतू फुगतो आणि पाणी दाट होते.

असा दाटपणा आपल्या कारखान्याला नवा नाही. तोडलेला ऊस वेळेवर गाळपाला आला नाही की त्यात जिवाणू वाढतात आणि ते साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. तोही ग्लुकोजचीच साखळी! त्याने रस दाट होतो, गाळणीला वेळ लागतो, साखरेचा दाणा लांबट सुईसारखा पडतो. चीफ केमिस्ट आणि आम्ही शेतकी खात्याचे लोक शिळ्या उसावरून आपल्या मागे लागतो ते उगीच नाही. बिअरवाल्यांचीही हीच तक्रार. माल्टचा अर्क बीटा-ग्लुकनमुळे घट्ट झाला तर गळत नाही, म्हणून ते मुद्दाम कमी बीटा-ग्लुकनच्या जाती पसंत करतात. कारखान्यात जो दोष आहे, तोच पोटात गेल्यावर उपयोगाचा ठरतो.

तो कसा, हे ज्यांनी गुऱ्हाळ चालवले आहे त्यांना चटकन कळेल. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट पाला किंवा बुंधा पाण्यात चोळून ते पाणी रसात सोडतो. भेंडीचा तो चिकटपणा रसातली घाण धरून घेतो आणि वर मळी येते. (गुऱ्हाळावरची मळी म्हणतो आहे, कारखान्याची मळी नव्हे.) ती झाऱ्याने काढून टाकली की रस स्वच्छ होतो. भेंडीचा बुळबुळीतपणा हा विरघळणाऱ्या तंतूचाच प्रकार आहे.

आता हेच आतड्यात पाहू. आपले यकृत पित्तरस तयार करते. जेवणातले तेल-तूप पचायला तो लागतो. पित्तरसातली पित्ताम्ले यकृत कशापासून बनवते, तर कोलेस्टेरॉलपासून. काम झाल्यावर ही पित्ताम्ले वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के परत शोषली जाऊन यकृतात येतात आणि पुन्हा वापरली जातात. पाण्याचा फेरवापर करणाऱ्या कारखान्यासारखीच ही काटकसर आहे. बीटा-ग्लुकनचा दाट लगदा आतड्यात असला की काही पित्ताम्ले त्यात अडकतात आणि शौचावाटे बाहेर जातात. साठा कमी पडल्यावर यकृताला नवीन पित्ताम्ले बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. त्यातही रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचून त्या अरुंद करणारे जे एल.डी.एल., ते कमी होते. दुसरे एक काम तो लगदा करतो. जेवणातली साखर रक्तात एकदम न चढता सावकाश चढते. मधुमेही सभासदांनी याची नोंद घ्यावी.

हे केवळ तर्काचे काम नाही. ओट या धान्यात हाच तंतू असतो आणि ओट खाऊन कोलेस्टेरॉल उतरल्याचे नेदरलँड्समध्ये १९६३ सालीच प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी १९९७ मध्ये ओटच्या पाकिटावर हृदयाच्या फायद्याचा उल्लेख करायला परवानगी दिली. जव मात्र मागे राहिला. मग तिथल्या जव उत्पादकांची नॅशनल बार्ली फूड्स कौन्सिल ही संस्था पुढे आली आणि तिने रीतसर अर्ज केला. अमेरिकी शेती खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी माणसांना पाच-पाच आठवडे ठरावीक आहार दिला होता, एकदा बीटा-ग्लुकनशिवाय, एकदा रोज ३ ग्रॅम, एकदा ६ ग्रॅम. त्यात जवाच्या आहाराने कोलेस्टेरॉल उतरल्याचे निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. डिसेंबर २००५ मध्ये जवालाही ती परवानगी मिळाली. युरोपीय संघाने आणि कॅनडाने २०१२ मध्ये मान्यता दिली. शेतकऱ्यांची संघटना पुराव्यानिशी उभी राहिली म्हणून हे झाले, ही गोष्ट सहकारातल्या माणसाला आवडण्यासारखी आहे.

परवानगी किती मोजून दिली आहे, तेही पाहावे. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेले पाहिजे. एका वेळच्या खाण्यात निदान पाऊण ग्रॅम असल्याशिवाय पाकिटावर तसे छापता येत नाही. आणि छापायचे तेही 'धोका कमी होऊ शकतो' असे, 'होतो' असे नव्हे. शिवाय आहारात तूप-लोणी-चरबीसारखी स्निग्धे कमी ठेवली तरच. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर जवाची पोळी खाऊन हिशेब बरोबरीत सुटत नाही.

फायदा होतो तरी किती? २०१६ मध्ये चौदा चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवाच्या बीटा-ग्लुकनने एल.डी.एल. सुमारे ७ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. मात्र त्या चाचण्यांतले रोजचे प्रमाण साधारण साडेसहा-सात ग्रॅम होते, म्हणजे वरच्या ३ ग्रॅमच्या दुपटीहून जास्त. एखाद्याचे एल.डी.एल. १६० असेल तर ते १५० च्या आसपास येईल, असा याचा अर्थ. स्टॅटिन जातीच्या गोळ्या तेच ३० ते ५० टक्क्यांनी उतरवतात. म्हणून जवाला गोळीच्या जागी बसवू नका. काठावरच्या माणसाला जवाचा उपयोग आहे. गोळी चालू असणाऱ्यालाही गोळीच्या जोडीला त्याचा उपयोग होतो. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याने जवाच्या भरवशावर गोळी सोडणे म्हणजे विहिरीवर मोटर असताना पावसाची वाट बघत ऊस वाळवणे.

हे इतके स्पष्ट लिहितो त्याला कारण आहे. गेल्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात जीप घेऊन फिरणाऱ्या एका विक्रेत्याने हिरव्या पुडीचे डबे विकले. 'जवाचे सत्त्व, हृदयाच्या शिरा मोकळ्या' असा पुकारा होता. एका वयस्क सभासदाने दोन डबे घेतले आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. तीन महिन्यांनी तपासणीत आकडा पुन्हा जुन्या जागी आला, तेव्हा घरच्यांना कळले. मी तो डबा पाहिला. पूड जवाच्या कोवळ्या पात्यांची होती. बीटा-ग्लुकन साठते ते दाण्यात, दाण्यातल्या पेशींच्या भिंतींत. वर सांगितलेल्या परवानग्या धान्याच्या दाण्याला आणि त्यापासून केलेल्या पदार्थांना आहेत, पात्याच्या पुडीला नाहीत. डब्याच्या पैशात त्या सभासदांच्या घरी बरेच महिने पुरतील इतके जव आले असते.

जवापासून खरोखरीचे सत्त्वही काढतात, ते वेगळे. पिठावर एन्झाइम सोडून स्टार्च तोडतात आणि उरलेल्या द्रावणात अल्कोहोल घालून तंतू वेगळा काढतात. अशा 'बार्ली बीटाफायबर'मध्ये निदान ७० टक्के बीटा-ग्लुकन असले पाहिजे अशी अट घालून अमेरिकेने २००८ मध्ये त्यालाही मान्यता दिली. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रसातले डेक्स्ट्रान पाहण्यासाठी अल्कोहोल घालून गढूळपणा मोजतात, त्यातले तत्त्व हेच. हा घटक परदेशात पाव, पेये, न्याहारीच्या पदार्थांत मिसळतात. आपल्या घराला त्याची गरज नाही, कारण दाणा आहे.

दाण्यात साधारण ४ ते ६ टक्के बीटा-ग्लुकन असते. ५ टक्के धरले तर ३ ग्रॅमसाठी ६० ग्रॅम जव, म्हणजे कोरडे दाणे अर्धी वाटी. गव्हात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. ज्वारी-बाजरीत तंतू भरपूर, पण बहुतेक न विरघळणारा. पोट साफ व्हायला तो उत्तमच आहे, भाकरी सोडायला मी सांगत नाही.

घरच्या माउलींसाठी आता थोडे. जवात गव्हासारखा ताणणारा चिकटा नसतो, त्यामुळे नुसत्या जवाची पोळी तुटते. पहिल्यांदा चार भागांत एक भाग जव घ्यावा, मग वाढवत दोन भाग गहू व एक भाग जव या प्रमाणावर यावे. तीस ग्रॅम पिठाची एक पोळी धरली, तर अशा सहा पोळ्यांत ६० ग्रॅम जव जातो आणि रोजचा हिशेब पुरा होतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तर चपातीतच जवाचे बीटा-ग्लुकन घालून पाहिले होते. त्या चपात्यांनी रक्तातली साखर कमी चढल्याचे त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. पीठ चाळल्यावर वर राहणारा जाडसर भाग फेकू नये, बीटा-ग्लुकन त्यातच जास्त असते. पीठ मळून रात्रभर ठेवू नये. पिठातली एन्झाइमे या लांब साखळ्यांचे तुकडे करतात, आणि साखळी तुटली की दाटपणा गेला. दाटपणा गेला की काम गेले. मळावे आणि अर्ध्या-पाऊण तासात लाटावे.

ज्यांना पीठ जमत नाही त्यांनी पर्ल बार्ली भिजवून कुकरला लावावी, शिट्ट्या तांदळापेक्षा जास्त लागतात. खिचडीत निम्मा तांदूळ कमी करून ती घातली तर पोरे कुरकुर न करता खातात. टरफलाबरोबर वरचा थर गेला तरी फार बिघडत नाही, कारण जवात हा तंतू दाण्यात आतपर्यंत पसरलेला असतो. ओटमध्ये तो बाहेरच्या थरात जास्त. आजारी माणसाला बार्लीचे पाणी देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाणी चांगलेच, पण गाळून दाणा उकिरड्यावर टाकला तर बराचसा माल तिथेच गेला. दाणाही खावा.

एक धोक्याची सूचना. बियाण्याच्या दुकानातला जव खाण्यासाठी आणू नये, पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते.

सुरुवातीला पोट फुगते, वारा धरतो. म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना सांगूनच सुरू करावे, कारण साखर उतरू लागली तर औषधाचे प्रमाण बदलावे लागेल. ज्यांना गव्हातले ग्लुटेन चालत नाही त्यांना जवही चालत नाही. सुरू करण्याआधी एकदा आणि सहा आठवड्यांनी एकदा रक्त तपासावे. माती परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवत नाही, तसेच हे.

"मग साहेब, आपणच जव पेरू की," असेही काही जण म्हणतात. देशातला जव मुख्यतः राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होतो, रब्बीत. आपल्याकडे त्याचा बाजार नाही. तेव्हा ऊस मोडून जव करा असे मी अजिबात म्हणणार नाही. पण नदीकाठच्या ज्या जमिनी अतिपाण्याने खारावल्या, त्यांच्या मालकांनी एक आकडा लक्षात ठेवावा. मातीच्या संपृक्त अर्काची ई.सी. १.७ च्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते. जव ८ पर्यंत टिकतो. फक्त उगवणीच्या वेळी तो इतका कणखर नसतो. आपल्या माती परीक्षण पत्रिकेवरची ई.सी. वेगळ्या पद्धतीने काढलेली असते, ती या आकड्यांशी थेट ताडून पाहू नये. अशा एखाद्या गुंठ्यात घरापुरता जव करून बघायला हरकत नाही. चर काढून पाण्याचा निचरा करण्याचे काम मात्र त्याने टळत नाही.

जव, जवस आणि पर्ल बार्ली अशा तीन बाटल्या भरून गट कार्यालयात खिडकीपाशी ठेवल्या आहेत. नोंदीला याल तेव्हा दाणा ओळखून जावा. पात्याच्या पुडीचा रिकामा डबाही शेजारीच ठेवला आहे.